माझ्या अंगावरचे पांढरे ठिपके

मी सायप्रिनस जातीचा, म्हणजे तळ्यात पाळतात तो एक म्हातारा मासा आहे आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

शाहूवाडीच्या डोंगराकडेला हंबीररावांचे शेततळे आहे. बोटाएवढा असताना मी तिथे आलो आणि तळाचा गाळ उकरून खात वाढलो. पाहुणे आले की हंबीरराव कौतुकाने मला दाखवत. तेव्हा ते मला आवडत.

एका थंडीत त्यांनी दुसऱ्या तळ्यातले मासे आणले. त्यांची बायको प्रियदर्शनी म्हणाली, थोडे दिवस यांना टाकीत वेगळे ठेवू. हंबीरराव हसले.

"मासं हाईत गं ती, जावई न्हवं. येगळी सोय कशाला?"

त्या माशांबरोबर एक परजीवी आला. डोळ्यांना न दिसणारा तो जीव माझ्या कातडीत शिरला, मलाच खाऊन फुगला आणि अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके उठले. कल्ल्यांतही ते भरले, श्वास जड झाला. माझे शरीर लढू लागले. अंगावरचा बुळबुळीत थर दाट झाला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या ठिपक्यांकडे निघाल्या. पण माशाचे रक्त पाण्याइतकेच गार असते. पेशी रेंगाळल्या. शत्रू सावकाश, पण न थांबता खात राहिला.

म्हणून आम्ही आजारी मासे काठाच्या उथळ, उन्हाने तापलेल्या पाण्यात गेलो. उबेने पेशींना बळ येते. हंबीररावांना वाटले, आम्ही आता मरणारच. त्यांनी जाळे घातले आणि माझ्या भावंडांना जिवंतपणी काठावर फेकले. ती तडफडत होती. मी पाहत होतो.

प्रियदर्शनीने त्यांच्या हातातले जाळे धरून त्यांना अडवले. मत्स्य खात्यातल्या डॉक्टरांना तिने फोनवर सगळे विचारून घेतले होते.

"मरायला न्हाईत आली ती, ऊन खायला आल्यात. ऱ्हाऊ द्या."

त्यामुळे आमच्यातले थोडे जण वाचले.

पुढच्या थंडीत ती माहेरी गेली असताना हंबीररावांनी पुन्हा नवी पिल्ले थेट तळ्यात सोडली. तोच परजीवी परत आला. या वेळी तो माझ्या अंगावर टिकेना, कारण माझ्या चिकट थरात आता त्याला ओळखून रोखणारी द्रव्ये होती. पिल्ले मात्र माझ्या शेजारी ठिपक्यांनी भरून मेली. माझ्यातली ती ताकद मला त्यांना देता आली नाही.

मित्रांनो, नवा मासा आणलात तर आधी त्याला वेगळ्या पाण्यात ठेवा, नीट न्याहाळा.

हंबीरराव आजही खाद्य टाकून मला हाका मारतात. त्यांची पावले मला पाण्यातूनही ओळखू येतात. ते जाईपर्यंत मी तळाशीच थांबतो.