जगभरातले तज्ज्ञ

भाचीच्या पत्राला सरांनी उत्तर दिलं नव्हतं. ते पत्र शब्दकोशात खुणेसारखं पडून होतं. फोनवर मामा 'बरं, बरं' याखेरीज काही बोलत नाही, म्हणून तिने मुद्दाम पत्र लिहिलं होतं: 'मामा, नदीच्या गाळावर काम करायला दोन ठिकाणी प्रवेश मिळतोय. एक तुझं जुनं विद्यापीठ. दुसरं लहान आहे, जगाच्या क्रमवारीत त्याला नंबरबिंबर नाही. पण तू ज्यांचं पुस्तक दिलं होतंस त्या गाळाच्या बाई तिथे आहेत. आई म्हणते, नंबर बघ. तू काय म्हणतोस? या महिन्यात कळवायचंय.'

सर जन्मभर खडक शिकवून निवृत्त झालेले. आपल्या विद्यापीठातली गाळाची प्रयोगशाळा बंद आहे आणि तिच्या कुलपाला गंज चढलाय, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तरी लिहायला बसलं की वाटे, आपण कोण सांगणार? अशातच चमत्कार झाला. विद्यापीठाने एका उडीत जगातल्या पहिल्या दोनशेंत जागा पटकावली! सरांचा उरलासुरला धीरही गेला. जग म्हणतंय, म्हणजे आपल्यालाच नीट दिसलं नसेल.

विद्यापीठाच्या सत्काराच्या दिवशी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं खिडक्यांत चढली होती. बहिणीने सरांना हाताला धरून पुढे बसवलं. मंचावर विद्यापीठाने क्रमवारीसाठी नेमलेले सल्लागार होते, बूट असे चकाकणारे की त्यांत पहिली रांग दिसावी.

"उत्कृष्टता दिसत नाही, ती जाणवते!" ते गरजले. "तुम्ही नळ बघता, आम्ही प्रवाह बघतो!"

"वसतिगृहाच्या नळाला प्रवाहच नाही हो," मागून कोणीतरी म्हणालं. लोकांनी त्याला गप्प केलं.

"बघ दादा," बहीण कुजबुजली. "आणि कार्टीला लहान ठिकाणी जायचंय. एक शब्द टाक ना तिच्या कानावर."

"बघतो."

"जन्मभर बघतोच आहेस."

"सर्वांत जास्त गुण आपल्याला कशात मिळाले?" सल्लागारांनी हात पसरले. "जगभरातल्या तज्ज्ञांच्या मतांत!" पडद्यावर तज्ज्ञांना विचारलेला प्रश्न झळकला: आपल्या विषयातील दहा उत्कृष्ट विद्यापीठे लिहा.

सरांचे कान तापले. हा प्रश्न त्यांना आला होता! हिवाळ्यात विद्यापीठानेच कळवलं होतं, 'आदरणीय सर, तज्ज्ञ म्हणून आपलं नाव सुचवत आहोत.' आदरणीय वाचूनच सर विरघळले होते. दहांतली दोन विद्यापीठं त्यांना खरोखर ठाऊक होती. बाकीच्या ओळी रिकाम्या सोडणं अडाणीपणाचं दिसलं असतं, म्हणून गेल्या वर्षीची क्रमवारी उघडून त्यांनी वरची नावं उतरवली. शेवटच्या ओळीत, भिडेखातर, आपलं विद्यापीठ. हे सगळं कोमट पाण्याच्या टबात पाय सोडून.

इतके दिवस ज्या जगापुढे ते मान खाली घालून बसले होते, त्या जगाचे पाय टबात होते!

सर उभे राहिले. सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

"तो... तो तज्ज्ञ मी आहे."

"वा! आजोबांसाठी टाळ्या!"

"टाळ्या नकोत. मी ती विद्यापीठं पाहिलेली नाहीत. गेल्या वर्षीच्या यादीवरून उतरवली."

सल्लागार हसले. "इतक्या मतांत एखादं असं असायचंच."

सरांनी निवृत्तांच्या रांगेकडे केविलवाणं पाहिलं. रसायनशास्त्राच्या फटकळ बाई उठल्या. "मीही यादीवरूनच उतरवलं. शेवटी आपलं नाव घातलं. म्हटलं, आपलं एक मत, त्याने काय होतंय?" मागे एक हात वर झाला. मग आणखी एक. मग रांगच्या रांग. सगळी आदरणीय मंडळी एकमेकांकडे बघून ओशाळं हसू लागली.

"म्हणजे यादी आम्ही यादीवरूनच केली," सर चाचरत म्हणाले, "आणि आपल्याला आत सरकवलं. पुढच्या वर्षीचे तज्ज्ञ या यादीवरून उतरवतील. गाळाची प्रयोगशाळा उघडी आहे का, हे कोणी विचारलंच नाही. मला ठाऊक होतं, तरी मीही लिहिलं नाही."

"पण बाकीचे निकष..." सल्लागारांनी घाम पुसला.

"त्यांचं मला माहीत नाही. पण तेही विचारू या ना. कोणी मोजलं, कसं मोजलं, स्वतः जाऊन पाहिलं का. नंबरापुढे हात जोडण्याआधी एवढं तरी विचारू या."

सर मटकन खाली बसले.

"मी शेजारणीला ऐटीत सांगत होते, तो नंबर तू दिलास?" बहिणीने विचारलं.

"थोडासा."

"भाजीत मीठ कमी आहे की जास्त, ते तुला सांगता येत नाही!"

"तेच तर म्हणतोय."

घराच्या फाटकाशी बहीण थांबली. मग म्हणाली, "त्या गाळाच्या बाई कशा आहेत रे?"

"त्यांचं पुस्तक मी खरंच वाचलंय. दोनदा."

"मग लिही तिला. आजच."

सरांनी लिहिलं: 'लहान ठिकाणी जा, असं मला वाटतं. आईचीही आता हरकत दिसत नाही. पण मी जगभरातला तज्ज्ञ आहे, माझं डोळे मिटून ऐकू नकोस. आधी तिथे जाऊन ये. प्रयोगशाळेचं दार उघडं आहे का बघ. बाई विद्यार्थ्यांचं लिहिलेलं वाचतात का, ते विद्यार्थ्यांनाच विचार. आणि कोणी नंबर सांगितला, तर तो कोणी दिला हे विचार. जगाने, असं उत्तर आलं, तर जगात नेमकं कोणी, तेही विचार.'

कोपऱ्यावरच्या पेटीत त्यांनी पत्र टाकलं. लगेच वाटलं, आपण कोण सांगणार? त्यांनी फटीत हात घालून पाहिला. तो मनगटापुढे जाईना. मग मात्र सर हलक्या पावलांनी घरी गेले.