शिडीसाठी सोडलेली जागा

प्र. १. नाव, हुद्दा, नोकरीची वर्षे.

ईश्वरप्पा बसलिंगप्पा. वाहनचालक, अग्निशमन केंद्र. सव्वीस वर्षे.

एवढं त्यानं सरळ लिहिलं.

प्र. २. घटनेच्या दिवशी वाहन कुठे उभे केले होते?

इथं पेन थांबला. चहा आला, निवला. समोर नागसेन पाइप उन्हात पसरून सुकवत होता आणि तिरप्या डोळ्यानं कागदाकडं बघत होता. वीस वर्षं शिडीवर चढणारा माणूस. अप्पाचा थांबलेला हात त्याला लांबूनही वाचता आला.

“अप्पा, लिवा की. जॅक अडकला होता म्हणून लिवा.”

“अडकला न्हवता.”

“मला ठाऊक हाय. कागदाला कुटं ठाऊक हाय?”

आता गाडीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या त्या गावात गेल्या दिवाळीपर्यंत आगीच्या दोन गाड्या होत्या. एक पाण्याचा बंब, साडेचार हजार लिटरचा. दुसरी शिडीची गाडी, म्हातारी, चढावर कण्हणारी. दोघींची कामं एका घरातल्या जावांसारखी वाटलेली: एकीनं पाणी बघायचं, दुसरीनं माणसं उतरवायची. मग नवी गाडी आली. पाणी, पंप, शिडी, सगळं एकाच चाकांवर. तिला हार घातला, नारळ फुटला, आणि जुन्या दोघी भंगारात गेल्या. शिडीला जागा करायची म्हणून नवीची टाकी दीड हजारावर आली होती. शिडी उभारायची तर गाडीला तोलून धरणारे चारी जॅक जमिनीवर रोवावे लागत, आणि एकदा रोवले की गाडी जागची हलत नाही. पाणी संपलं तरी भरायला जाता येत नाही.

केंद्रातल्या लोकांनी तिचं नाव खिचडी ठेवलं.

“खिचडी काही वाईट नसते,” केंद्रप्रमुख अमृतराव तेव्हा म्हणाले होते. मनातून त्यांनाही ती नको होती, पण हुद्दा होता.

“वाईट न्हाई साहेब,” नागसेन म्हणाला. “पण ती आजाऱ्याला देतेत. पंगतीला न्हाई.”

सगळे हसले होते. ईश्वरप्पाही.

प्र. ३. घटनाक्रम थोडक्यात.

थोडक्यात: मे महिना, दुपारी चार. बाजारातली तीन मजली इमारत. खाली गाद्यांचं दुकान, वरच्या मजल्यावर मुलींची अभ्यासिका. कूलरच्या वायरीनं पेट घेतला, गाद्या धुमसल्या, जिना धुरानं भरला. अकरा मुली कशाबशा खाली आल्या. बारावी खिडकीत आली. नाव गीतांजली, गाव जळकोट, वय अठरा.

गाडी सहा मिनिटांत पोचली. ईश्वरप्पानं ती इमारतीसमोर लावली.

असं नाही.

गाडी सहा मिनिटांत पोचली. समोर लोक होते म्हणून पुढं न्यावी लागली.

असंही नाही. समोरची जागा मोकळी होती. लोक हात करकरून त्याला तिथंच बोलावत होते.

ईश्वरप्पा इमारतीसमोरून निघून गेला. चाळीस पावलं पुढं जाऊन थांबला, ब्रेक ओढला, पंप चालू केला. बंबाचा ड्रायव्हर इमारतीसमोर कधी थांबत नसतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात वस्तादानं थोबाडीत देऊन शिकवलेलं: बंब पुढं काढायचा, समोरची जागा शिडीला सोडायची. पाइप वाटेल तिथवर ओढता येतो, शिडी ओढता येत नाही. सव्वीस वर्षं त्याचे हातपाय हेच करत आले. नव्या गाडीवर सहा महिने झाले होते, पण या सहा महिन्यांत उसाचे फड जळले, एक ट्रक जळला, एक गोठा जळला. शिडी लागावी अशी आग ही पहिलीच.

उतरण्याआधी त्यानं आरशात बघितलं. शिडीची गाडी मागून अजून कशी आली नाही, म्हणून.

“अप्पा, शिडी,” नागसेन पाइप जोडता जोडता खिडकीकडं बघून ओरडला.

येईलच की, असं ईश्वरप्पाच्या मनात आलं.

मग कळलं.

तोवर पाइप पाण्यानं फुगला होता. मोकळ्या जागेत गर्दी शिरली होती, पाण्याचे जार पोचवणारा एक टेम्पो आडवा अडकला होता. पाइप सोडा, माणसं हटवा, टेम्पो ढकला, गाडी मागं घ्या, जॅक रोवा, शिडी उचला. सात मिनिटं. शिडी खिडकीला टेकली तेव्हा खिडकीत कुणी नव्हतं.

प्र. ४. वाहनात वा यंत्रसामग्रीत दोष आढळला काय?

अमृतराव खुर्ची ओढून शेजारी बसले.

“ईश्वरप्पा, ही गाडी घेऊ नका म्हणून मी तीन पत्रं दिलती. कुणी वाचली न्हाईत. आता वाचतील. उद्या चौकशीचे साहेब तिथंच प्रात्यक्षिक घेणार हायेत. जॅकला जरा वेळ लावा, त्या दिशी बी अडकला होता म्हणा. गावाला शिडीची गाडी येगळी मिळंल. तुमची पेन्शन राहील. अकरा म्हैने तर राहिलेत तुमचे.”

“आन् ती पोरगी?”

“तिला कोण आणून देणार हाय? पुढच्या पोरीचं बघा.”

ईश्वरप्पानं त्यात खोट शोधून पाहिली. गाडी चुकीची होतीच. दोन्ही कामं एकीला दिली की दोन्ही अर्धी होतात, हे तोच चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगत आला होता. फक्त जॅक अडकला नव्हता. आणि त्या चाळीस पावलांत गाडी आपणहून गेली नव्हती.

दुसरा आणि चौथा प्रश्न त्यानं कोरा ठेवला.

प्रात्यक्षिक. सकाळी दहा.

इमारत काळी पडलेली. रस्त्याला दोरी बांधलेली. साहेब मोबाइलमधलं घड्याळ लावून उभे. दोरीच्या बाहेर एक माणूस होता, हातात डब्याची पिशवी. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. जळकोटहून पहिल्या गाडीनं आला होता. सुदाम, गीतांजलीचा बाप.

ईश्वरप्पानं गाडी आणली. पाय आजही पुढं जायला मागत होता. त्यानं खिडकीच्या बरोबर खाली ब्रेक दाबला. नागसेन ठरल्याप्रमाणे रमतगमत जॅककडं निघाला.

“बाजूला सर,” ईश्वरप्पा त्याला म्हणाला, आणि लिव्हर स्वतः ओढली.

चार जॅक बसले. शिडी उठली, उलगडली, टेकली.

“तीन मिनिटं दहा सेकंद,” साहेब म्हणाले. “गाडी तर चांगली आहे.”

“आता पाणी सोडू द्या साहेब,” ईश्वरप्पा म्हणाला. “शिडी वर असताना किती पुरतंय ते बी मोजा. चार मिनिटं पुरत न्हाई. आन् भरायला हलता येत न्हाई.”

“लोकांच्या नळाला दहा दिवसांनी पाणी येतंय. मी ते रस्त्यावर ओतू? कोरडंच पुरे.”

दोरीपाशी उभ्या बायकांनी माना डोलावल्या.

सुदाम दोरीखालून वाकून आत आला. शिडीकडं बघितलं, मग ईश्वरप्पाकडं.

“मालक, त्या दिशी हितं कामून न्हाई लावली?”

“पाव्हणं, त्या दिशी जॅक—” अमृतरावांनी सुरुवात केली.

“जागा सोडली होती,” ईश्वरप्पा म्हणाला.

“कुणाला?”

“शिडीच्या गाडीला.”

“मंग ती कुटं होती?”

“न्हाई ती. भंगारात गेली. मला ठाऊक होतं. हातापायाला ठाऊक न्हवतं. मी पुढं निघून गेलो.”

साहेब लिहू लागले. बराच वेळ लिहीत राहिले. नागसेननं पाठ फिरवली. अमृतरावांनी टोपी काढली, आतून पुसली, पुन्हा घातली. “झालं,” ते हळूच म्हणाले. “आता शिडीची येगळी गाडी येत न्हाई.”

गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून ईश्वरप्पानं दोन्ही रकाने भरले. दुसऱ्यात: इमारतीपासून चाळीस पावले पुढे. चौथ्यात तो लिहीत होता, टाकी लहान, पण साहेबांनी बोट ठेवलं. “जे आज तपासलं तेवढंच.” मग त्यानं लिहिलं: आज आढळला नाही. सही केली.

प्र. ५. आणखी काही?

साहेबांची जीप गेली. गर्दी पांगली. सुदाम तिथंच.

“मला वर जाता येईल का? खिडकीपर्यंत.”

हे नियमात बसत नव्हतं. अमृतराव दुसरीकडं बघू लागले. नागसेननं स्वतःचा पट्टा सोडून सुदामच्या कमरेला बांधला, पिशवी खाली ठेवायला लावली, त्याला पुढं घातलं आणि दोन पायऱ्या सोडून त्याच्या मागं चढू लागला. ईश्वरप्पा लिव्हरपाशी उभा.

वर पोचल्यावर सुदामनं खिडकीत हात घातला, कोपरापर्यंत. तसाच ठेवला. मग मान न वळवता काहीतरी बोलला. खाली ऐकू आलं नाही.

नागसेन वाकला. “अप्पा, इचारतेत, ती हाक मारत होती का.”

ईश्वरप्पानं आठवून पाहिलं. त्या दिवशी खिडकीत तिचं तोंड हलताना दिसलं होतं.

“पंप चालू होता म्हणून सांग. ऐकू येत न्हवतं.”

नागसेननं वर तोंड केलं. सांगितलं मात्र काही नाही.