कुलूपवाल्याच्या शटरसमोर

अकरा वर्षं मी माझी स्कूटर कुलूपवाल्याच्या शटरसमोर लावतोय. बाजूला जागा भरपूर आहे. समोरच्या रंगाच्या दुकानात मी कामाला. सकाळी दहाला स्कूटर लावायची, तो बाहेर येऊन माझ्या बापाचा उद्धार करणार, मग मी ती हातभर पुढे सरकवणार. दोघांचाही दिवस चांगला जायचा.

लॉकडाऊन लागला आणि दहा वाजले की घरात मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. बायकोला म्हटलं, जरा चार शिव्या घाल. ती म्हणाली, आधी भांडी घास. घासली. तिने घातल्या. पण मजा नाही आली. तिच्या शिव्यांत तथ्य असतं.

पाचव्या आठवड्यात कुलूपवाल्याच्या सुनेचा फोन आला. ते दुकानाच्या वरच राहतात. काका, म्हणाली, बाबा आठ दिवस एक शब्द बोलले नाहीत. जेवण दोन घासांवर आलंय. डॉक्टर फोनवर सांगतात, काहीही करून त्यांना बोलतं करा. नातीने गोष्टी सांगून पाहिल्या, तर हे भिंतीकडे बघत बसतात.

दुसऱ्या दिवशी हँडलला पिशवी अडकवून निघालो. नाक्यावर पोलिसाने अडवलं, त्याला म्हटलं भाजीला चाललोय. येताना भाजी घेतली की ते खरंच होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, पाहिजे तिथे गाडी लावा. मी शटरच्या बरोब्बर मधोमध लावली आणि हॉर्न दाबला. काही नाही. दुसऱ्या दिवशी वरचा पडदा हलला. तिसऱ्या दिवशी मी स्कूटर आडवी लावली आणि तशीच सोडून भाजी आणायला गेलो.

परत येतो तर पुढच्या चाकात साखळी आणि साखळीला मुठीएवढं कुलूप. खिडकीत तो. दाढी वाढलेली, मास्क हनुवटीवर, जिने उतरून चढल्याने धापा टाकतोय.

"दुकान बंद म्हणजे रस्ता तुझ्या बापाचा झाला का रे?"

आवाज गंजला होता, पण निघाला. मी हात जोडले, घरी कसा जाऊ म्हणून विचारलं.

"चालत जा. उद्या दहाला ये, मग विचार करतो."

खिडकी आपटली. आतून तो सुनेवर ओरडला, अजून पान का वाढलं नाही म्हणून.

आज सहा दिवस झाले, जाऊन-येऊन तासभर चालतोय. रोज दहाला खाली उभा राहून गयावया करतो, तो रोज विचार करतो. आता माझ्या आजोबांपर्यंत पोचलाय.

आज त्याचं आटोपलं आणि तो आंघोळीला गेला, तशी सुनेने वरून दोरीने पिशवी सोडली. आत चावी होती. खिडकीतून हळूच म्हणाली, "काका, घेऊन जा गुपचूप. फार हाल होतायत तुमचे."

चावी पिशवीत परत टाकली आणि दोरीला झटका दिला.

उद्या दहाला जायचंय. पणजोबा निघतील असा अंदाज आहे.