टेकूची खुर्ची आणि चालणारं टेबल

टेकूला खुर्ची मिळाली. मंगळवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, सहीशिक्क्यानिशी, मागे टेकायला पाठ असलेली. आता हे विसरून जा. कारखान्यात सगळेच विसरलेत. ज्यांनी सही केली ते विसरलेत, आणि ज्या कागदावर केली तो कागद कधी होता हेही कुणाला आठवत नाही. तेव्हा खुर्ची मिळालीच नाही असं धरून पुढे जाऊ.

टेकूचं खरं नाव हजेरीच्या वहीत आहे आणि तिथे ते सुखात आहे. बाकी सगळे त्याला टेकू म्हणत, कारण दिसेल त्याला तो टेकायचा. भिंतीला, खांबाला, पिंपाला, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांना. अठरा वर्षं उभ्यानं काम करून त्याच्या उजव्या गुडघ्यानं वेगळी चूल मांडली होती. टेकू उजवीकडे निघाला की गुडघा म्हणायचा, तुम्ही व्हा पुढे.

कारखान्यात ताकदीच्या कॅप्सूल बनत. आत वाळवलेल्या शेवाळाची हिरवीगार पूड. डब्यावर लिहिलेलं असे, 'संपूर्ण नैसर्गिक. थकवा पळतो.' पळून तो कुठे जातो हे डब्यावर नव्हतं, पण भरण्याच्या खोलीतल्या आठ जणांना त्याचा पत्ता ठाऊक होता.

टेकूचं काम हलत्या टेबलापाशी. टेबलावर तीनशे भोकांची पाटी. तिच्यावर रिकाम्या कॅप्सूल ओतायच्या, बटण दाबायचं, की टेबल थडथड हलायचं आणि एकेक कॅप्सूल आपापल्या भोकात जाऊन उभी राहायची. मग पूड पसरायची, टोप्या दाबायच्या, पाटी रिकामी करायची, पुन्हा ओतायच्या. दिवसभर इतक्या जणींना उभं करताना टेकूला त्यांची दया यायची. निदान त्या पोकळ तरी होत्या.

खोलीच्या टोकाला, उजेडाच्या पेटीपाशी, एकुलती एक खुर्ची होती. तिच्यावर बसून चेपलेल्या कॅप्सूल चिमट्यानं वेचायच्या. तिथले आजोबा पुढच्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. टेकूचा त्या खुर्चीवर आठ वर्षं डोळा होता. त्यानं अर्ज केला आणि अर्जासोबत गुडघा घेऊन कारखान्याच्या डॉक्टरांकडे गेला.

डॉक्टरांनी गुडघा दाबला. "दुखतं?"

"हो."

"आणि इथे?"

"तिथे तर माहेरच आहे त्याचं."

"व्यायाम काय करता?"

"उभा असतो."

"त्याला व्यायाम म्हणत नाहीत. रोज चालत जा. आपल्या कॅप्सूल घेता ना?"

"श्वासातून घेतो," टेकू म्हणाला आणि शिंकला. रुमाल हिरवा झाला.

डॉक्टरांनी रुमालाकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि लिहून दिलं, 'बसून करण्याचे काम द्यावे.' तोंडी सांगितलं, आणखी वर्षभर असेच उभे राहिलात तर पुढे उभं राहायचा प्रश्नच मिटेल.

घर तिसऱ्या मजल्यावर. टेकू प्रत्येक वळणावर थांबून जिना चढायचा. बायको कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहून त्याच्या आधी घरी पोचायची आणि दार उघडं ठेवून वाट बघायची.

"अहो, कुठवर आलात?" ती वरून विचारायची.

"दुसऱ्यावर."

"मघाशीही दुसऱ्यावरच होता."

"मुक्काम केलाय."

त्या संध्याकाळी, एक प्रत ऑफिसात देऊन, त्यानं डॉक्टरांचा कागद घरी दाखवला. तिनं तो दोनदा वाचला, घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवला आणि त्याच्या गुडघ्याखाली उशी सरकवली. "मिळू दे बाई एकदाची," एवढंच म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. बहुधा खुर्चीलाच.

याच सुमारास ऑफिसातल्या मॅडमना कामगारांच्या तब्येतीचा कळवळा आला. त्यांनी 'निरोगी कामगार' योजना काढली. प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा. पट्टा पावलं मोजणार, आकडा आपोआप मॅडमकडे जाणार. रोज दहा हजार पावलं. पट्टा कामाच्या वेळात काढायचा नाही अशी सूचना भरण्याच्या खोलीच्या दारावर लागली. तिच्या वर जुनी सूचना होतीच, की आत येताना मनगटावर काहीही नको. दोन्ही सूचना शेजारणींसारख्या नांदू लागल्या.

मुकादमांनी डोकं लढवून पलीकडच्या भिंतीवर आठ खिळे ठोकले. आत आलं की पट्टा खिळ्याला टांगायचा आणि जेवणाच्या सुट्टीत पटापट फेऱ्या मारून आकडा भरून काढायचा. डब्यांना लेबलं लावणाऱ्या मावशी तर एका हातात पोळीचा घास धरून आवारात घिरट्या घालायच्या. "पचतंय की चालतंय काही कळत नाही बघ," त्या म्हणायच्या.

टेकूच्या टेबलापासून खिळ्यापर्यंत चाळीस पावलं होती. जाऊन चाळीस, येऊन चाळीस. पहिल्या दिवशी तो गेला. दुसऱ्या दिवशी गुडघ्यानं नकार कळवला. मग टेकूनं पट्टा टेबलाखालच्या पत्र्यावर ठेवला आणि ठेवला हे विसरून कामाला लागला. टेबल थडथडत राहिलं. असे सहा आठवडे गेले.

आणि मंगळवार उजाडला. मुकादम कागद फडकावत आले. "टेकू, बस. मंजूर झाली."

आजोबा निवृत्त झाले होते. टेकू उजेडाच्या पेटीपाशी गेला. आधी खुर्चीची पाठ हातानं चाचपली. मग बूड टेकवलं. गुडघ्यातून असा काही आवाज आला, की लांबून मावशींनी विचारलं, "कोण आलं?"

तो हसला नाही. त्यानं डोळे मिटले. अठरा वर्षांत पहिल्यांदा कामाच्या वेळी त्याच्या पायांवर कुणाचंच ओझं नव्हतं, त्याचं स्वतःचंही नाही.

साडेअकराला मॅडम आल्या. सोबत फोटो काढणारा आणि हातात आकड्यांचा तक्ता.

"इथे टेकू कोण?"

"मी," टेकू बसूनच म्हणाला. उठणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"तुम्ही? अहो, एक्केचाळीस हजार पावलं! रोज! दोन नंबरवाल्याची अकरा हजार आहेत. आणि बसताय काय?"

मुकादमांची नजर टेबलाखालच्या पत्र्यावर गेली. तिथे पट्टा होता. मुकादमांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम," टेकू म्हणाला, "ते मी नाही चाललो. ते ट..."

"टप्प्याटप्प्यानं चालला!" मुकादम मध्येच ओरडले. त्यांनी टेकूचा दंड धरून त्याला बाजूला नेलं आणि कानाशी लागले. "गप बस, बाबा. टेबलाखाली बाहेरची वस्तू होती हे वर कळलं, तर सहा आठवड्यांचा माल फेकतील आणि मग आपल्या आठांनाही फेकतील. मावशींकडे बघ."

मावशींनी काही केलं नव्हतं. त्या नुसत्या बघत होत्या, हातात लेबल, लेबलाचा डिंक वाळत चाललेला. त्यांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती.

टेकूनं मावशींकडे पाहिलं. खुर्चीकडे पाहिलं. खरं बोलायला अंगात जी ताकद लागते ती डब्यावर लिहिलेली होती, डब्यात असल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं.

"चाललो," तो म्हणाला. "सवय आहे."

"रहस्य काय?" मॅडमनी वही उघडली.

"पाय वाचवतो."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग फोटो. फोटोवाल्याला पाठीमागची पिंपं दिसायला नको होती, म्हणून त्यानं टेकूला उंचावर उभं करायचं ठरवलं. उंच वस्तू एकच होती. अशा रीतीनं टेकू त्याच्या खुर्चीवर उभा राहिला, दोन्ही हात वर करून, पोट आत ओढून, चेहऱ्यावर थकवा पळाल्याचे भाव आणून.

खाली उतरेपर्यंत मॅडमनी मंजुरीचा कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला. "हे काय? सगळ्यात निरोगी माणसाला बसवता? लोक काय म्हणतील?" कागद त्यांच्या पिशवीत गेला. खुर्ची फोटोवाल्यानं उचलली, पुढच्या खात्यात उंच काही नव्हतं म्हणून. आजोबांची जागा त्या दिवसापासून उभ्यानं करायची ठरली आणि दुसऱ्या एकाला मिळाली.

आता रोज सकाळी टेकू आवारात सगळ्यांचा व्यायाम घेतो. सात मिनिटं. "एक" म्हणतो तेव्हा सगळे वाकतात, तो वाकत नाही. त्यालाच नवीन पद्धत समजून पॅकिंगवाल्यांनीही वाकणं सोडलंय. त्याचा फोटो डब्यावर छापून आला. मुकादम स्वतः रोज सकाळी त्याच्याकडून पट्टा घेतात आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून पत्र्यावर ठेवतात. आकडा एकदम पडला तर चौकशी होईल.

बायकोनं डबा उजेडात धरून पाहिला. "हा तुम्ही?"

"मी."

"कशावर उभे आहात?"

"माझ्या खुर्चीवर."

तिनं डॉक्टरांचा जुना कागद काढला, त्यात डबा गुंडाळला आणि दोन्ही फडताळात वर ठेवून दिले. "पाय इकडे करा," ती म्हणाली.

मागच्या आठवड्यात टेबलाचं बेअरिंग गेलं. टेकूची पावलं एकदम शून्य. मॅडम घाबरल्या. त्यांनी डॉक्टरांना धाडलं, सोबत फुलं.

"एकाएकी काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"बेअरिंग."

डॉक्टरांनी मान डोलावली. "वयोमानानुसार होतं." त्यांनी लिहून दिलं, 'दोन दिवस संपूर्ण विश्रांती, हालचाल वर्ज्य.' मिस्त्रीनंही टेबलाबद्दल हेच लिहिलं होतं. ऑफिसनं दोन्ही कागद वाचले आणि विश्रांती एकालाच मंजूर केली. ते दोन दिवस टेबल फडकं पांघरून स्वस्थ उभं होतं, आणि टेकू त्याला टेकून तीनशे भोकांची पाटी हातांनी हलवत होता.

तिसऱ्या दिवशी त्यानं जेवणाच्या सुट्टीत, पिंपावर कागद ठेवून, उभ्यानंच अर्ज लिहिला.

प्रति, कामगार आरोग्य विभाग. विषय : खुर्चीबाबत. महोदया, भरणा विभागातील हलते टेबल गेले काही आठवडे माझ्या नावाने दररोज एक्केचाळीस हजार पावले चालत असून, सदर टेबलास नुकतीच दोन दिवसांची विश्रांती देण्यात आली आहे. ती चुकून टेबलास मिळाली असल्यास माझ्या नावे वर्ग करावी. चुकून मिळाली नसल्यास, सदर टेबल अतिशय थकलेले आहे हे लक्षात घेऊन त्याच्या वापरासाठी एक खुर्ची, पाठ असलेली, त्याच्या शेजारी ठेवण्यात यावी. टेबल कामात असेल त्या वेळी तिच्यावर दुसरे कोणी बसल्यास टेबलाची हरकत नाही, असे त्याच्या वतीने लिहून देत आहे.