वकीलबाईंचा काळा डगला

“खांद्यात सैल शिवा, गेणूमामा. कोर्टात हात उचलून बोलावं लागतं.”

मित्रांनो, लोणावळ्याच्या शिंप्याला असं सांगणाऱ्या वकील मुक्ताबाईंचा मी जुना डगला आहे. बाईमाणसाचा डगला मामांनी कधी शिवला नव्हता. “लोक हसतील की, बाई!” ते म्हणाले. “हसू द्या. शिवण उसवली नाही म्हणजे झालं.”

रोज देवाला फूल वाहून बाई मला लुगड्यावर चढवीत.

चौतीस साली जवळच्या भाजे गावच्या झुंबरबाईचा पोटगीचा दावा आला. नवऱ्याने दुसरी आणून तिला लेकीसकट घराबाहेर काढलं होतं. वर ‘ही माझी बायकोच नव्हे’ म्हणत होता. कोर्टात न्यायाधीश साहेबांनी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. तिने पदर तोंडाशी धरला.

“न्हाई घ्यायची मी नाव. धन्याचं आयुष्य कमी व्हतं.”

“नाव ठाऊक नाही, आणि पोटगी हवी!” मागे कुणीतरी खिदळलं.

दावा गेला. नाव दुसऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची सोय बाईंनी आधीच करायला हवी होती. शहरात वाढलेल्या त्या, त्यांना हे सुचलंच नाही. बाहेर येऊन त्यांनी तिचा हात धरला. “चूक माझी आहे, झुंबरबाई. वरच्या कोर्टात तुमच्यासाठी मी उभी राहीन.”

पुढे बाई निवडून आल्या. मुंबईला कायदेमंडळात बायकांच्या हक्कांसाठी पोटतिडकीने बोलल्या. हारांतल्या झेंडूचे डाग अजून माझ्या गळ्याशी आहेत. झुंबरबाई दोनदा भाज्याहून चालत आली. दोन्ही वेळा बाई मुंबईत होत्या. वरच्या कोर्टातला अर्ज राहूनच गेला. मग माझंही काम सुटलं. खुंटीवर मला कसर लागली.

मग एका सकाळी सत्काराला जाण्यासाठी बाईंनी मला झटकून अंगात घातलं. दारात झुंबरबाईची लेक चिंगी उभी होती.

“आय गेली, बाई. पोटाला न्हवतं, त्यात ताप. ‘वकीलबाई कामात असत्याल’ म्हनायची शेवटपतुर.”

बाई तिच्याजवळ उंबऱ्यावर बसल्या.

“मलाबी नवऱ्यानं घराभाईर काढलंय. आज कोर्टात तारीख हाय. मी नाव घेईन त्येचं, जनाची लाज न्हाई धरायची. तुमी येताल न्हवं?”

मित्रांनो, माझी भोकं रफू करता येतात. झुंबरबाई परत येत नाही. मला ऊन दाखवलं नाहीत तरी चालेल; पण दाराशी कुणी वाट पाहत असेल, तर आधी त्याच्याकडे जा. एवढंच मागणं.

पुढच्या दारी सत्काराची मोटार उभी होती. बाईंनी चिंगीचं गाठोडं उचललं, आणि मागच्या दाराने कोर्टाच्या गावची गाडी धरायला स्टेशनाची वाट धरली.