लोहयुक्त खडक

आमचं कार्यालय एका बाजूला इतकं कललं होतं की टेबलावर ठेवलेली पेन्सिल पाच वाजायची वाट न पाहता घरी निघायची. नवा माणूस रुजू झाला की त्याला खुर्चीखाली सरकवायला लाकडी पाचर मिळे. शेवटी ही इमारत पाडून तिथेच नवी बांधायचं ठरलं. नकाशे मंजूर झाले, पाया तीन मीटरवर टेकवायचा हेही ठरलं, आणि मग कुणाला तरी आठवलं की माती तपासायची राहिली.

भोकं पाडायला बोअरमामा आले. तीस वर्षं जमिनीच्या पोटातलं बाहेर काढून पेटीत ओळीने मांडणारा माणूस. त्यांची लेक आमच्याच दप्तरखान्यात, तळमजल्यावर कारकून. नव्या इमारतीतही तिचं टेबल तिथेच येणार होतं. त्यामुळे मामा या खेपेला जरा जास्तच खोलात शिरले.

पहिल्या भोकात हातोडा मारण्याआधीच नळी आपल्या वजनाने खाली गेली. बारा मीटरपर्यंत काळा चिखल, मग खडक. साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि माती सहकार्य करत नाही, असं मत दिलं. ऊनही फार होतं. तेव्हा त्यांनी यंत्र भिंतीच्या सावलीत सरकवायला सांगितलं. तिथे तीन मीटरच्या आतच खणखणीत आवाज आला. साहेबांनी चहा मागवला.

मामांनी वर आलेला तुकडा धुऊन दाखवला. सिमेंट, खडी आणि मधोमध बोटाएवढी गंजकी सळई. हा जुन्या इमारतीचाच पाया आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. साहेबांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि अहवालात लिहिलं: लोहयुक्त खडक. खाली मामांची सही हवी होती. नसेल करायची तर सही करणारे दुसरे बोअरवाले पुष्कळ आहेत, असंही त्यांनी प्रेमाने सांगितलं.

दुपारी डबा खाताना लेक म्हणाली, "बाबा, सही खुशाल करा. फक्त त्याआधी माझ्या बदलीचा अर्ज लिहून द्या."

मामांनी डबा बंद केला, जाऊन सही केली आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'या खडकावर आधीच एक इमारत उभी आहे. ती समक्ष पाहावी.'

साहेब ते वाचणारच होते. पण तेवढ्यात त्यांचं पेन घरंगळलं. टेबलाखाली शिरून ते पकडेपर्यंत वाचायचं राहिलं, आणि वर येताच त्यांनी सही ठोकली.

वरच्या कार्यालयात अहवाल कुणी वाचत नाही, शेरा तेवढा वाचतात; काम अडवायला तोच उपयोगी पडतो. पंधरवड्यात मोठे साहेब समक्ष पाहायला आले, चाकांच्या खुर्चीत बसले आणि बोलता बोलता खिडकीपाशी पोहोचले. पाहुण्यांना पाचर द्यायची पद्धत नव्हती.

पाया बारा मीटरवरच्या खडकापर्यंत न्यायचा हुकूम त्यांनी खिडकीतूनच दिला.

मामा खुशीत लेकीला म्हणाले, आता ती पाचर परत करून टाक. तिने पाचर पर्समध्ये टाकली.

"राहू दे बाबा. बांधणार आमचंच खातं आहे."