धर्मसिंगची ढेरी

धर्मसिंग ट्रकनं वसमतची हळद बिहारला पोचवायचा. यंदा परत आला तो ताप आणि ढेरी घेऊन. हातापायांच्या काड्या झाल्या, पण पोट पाहून तांड्यातले लोक त्याला शेठ म्हणायला लागले. शकुंतलाबाईला मात्र दिसत होतं, की नवरा अर्धी भाकरीही खात नाही. मग हे पोट भरतं कशानं? जीव धास्तावला तशी ती त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर सरिताबाईंनी डाव्या बरगडीखाली दाबून पाहिलं. "बिहारात झोपत कुठं होता?"

"गोदामामागच्या गोठ्यात," धर्मसिंग म्हणाला.

त्यांनी त्याच्या बोटातलं थेंबभर रक्त एका पट्टीवर टाकलं. दोन रेघा उमटल्या. शकुंतलाबाईनं सुनेची अशीच पट्टी पाहिली होती. तिनं नवऱ्याच्या पोटाकडं पाहिलं.

"कितवा महिना धरायचा, बाई?"

"मावशी, हा काळा आजार आहे. वाळूमाशी चावल्यानं होतो. पोट नाही, आतली पाणथरी, म्हणजे प्लीहा सुजलीय. औषधानं बरा होतो."

"मंग लवकर मोकळं करा यांना," ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांनी धर्मसिंग हसला.

सलाइनमधून औषध गेलं, ताप उतरला. हळूहळू ढेरीही ओसरली आणि शेठपण गेलं. दवाखान्यातली गंमत तांड्यात पोचली, तशा बाया डिंकाचे लाडू घेऊन बाळंतिणीला पाहायला आल्या. बाळंतिणीनं मिशा पुसत आख्खा डबा संपवला.

"आता भाकरी वाढ," धर्मसिंग म्हणाला.

शकुंतलाबाईनं परातीत पीठ घेतलं, ते घेतच राहिली.